पहिलं अक्षर लहान

भिंतीवर माझा कोड होता. सहा फूट रुंद, पडदे ओढलेल्या खोलीत झगझगीत. सरांनी माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला होता आणि पेनाच्या टोकाने भिंतीवरची एकेक ओळ ठोकत ते मोठ्याने वाचत होते. आम्ही अकरा जण समोर बसलेलो. एसी चालू, खिडक्या बंद.

"वाटो," सर म्हणाले आणि थांबले. "वाटो? हे काय असतं?"

सरांना माहीत होतं काय असतं ते. सिंधुदुर्गात जन्मलेल्या माणसाला वाटो सांगावा लागत नाही. मासळीचा एक ढीग, एकाचा हिस्सा. पण त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं, सगळ्यांसमोर. मी मान खाली घातली.

"पेडवो. टोपली. आडाळो." पेन ठकठक करत खाली आलं. "हा कोड आहे की मासळीबाजार?"

हशा पिकला. पुढच्या बाकावरचे दोघे तर वळून माझ्याकडे बघत हसले.

हा शब्द मी शाळेपासून ऐकत आले आहे. वर्गात गलका झाला की बाई म्हणायच्या, हा काय मासळीबाजार आहे? सभागृहात आरडाओरडा झाला की पेपरवाले तेच लिहितात. सगळ्या महाराष्ट्राला हा शब्द म्हणजे गोंधळ आणि घाण. माझी आई आचऱ्याच्या बाजारात मासळी घेऊन बसते, मी जन्मायच्या आधीपासून. तिथे कोण कुठे बसणार हे ठरलेलं असतं. एकीचं गिऱ्हाईक दुसरी तोडत नाही. एखादी आजारी पडली तर तिची जागा रिकामी राहते, कुणी सरकून बसत नाही. एवढी शिस्त मला त्या एसीच्या खोलीत कधी दिसली नाही.

पण हे सगळं मला नंतर सुचलं. त्या दिवशी मी काय केलं ते सांगते. मी हसले. सगळ्यांबरोबर, दात दाखवून. त्यांचं हसणं मी एखाद्या दिवशी विसरेन. माझं विसरता येत नाही.

सरांचं झालं नव्हतं. "आणि एवढा बाजार मांडून पानावर काय दिसतंय?" त्यांनी एक बटण दाबलं. भिंत पांढरी झाली. पांढरी फटक. "काहीच नाही. का, कोण सांगेल?"

सायलीने हात वर केला. कुडाळच्या एका डॉक्टरांची मुलगी, इंग्रजी माध्यमातली. ती म्हणाली, नावाचं पहिलं अक्षर लहान आहे सर.

"शाब्बास." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नावाचं पहिलं अक्षर मोठं असतं हे पहिलीतल्या पोराला कळतं. तुला कुणी शिकवलंच नाही का?"

तीन दिवस. तीन दिवस मी त्या पांढऱ्या पानासमोर बसले होते. दोनदा सरांना विचारायला गेले, तर म्हणाले, स्वतः शोध. शोधून सापडेना म्हणून तिसऱ्यांदा गेले. तेव्हा त्यांनी लॅपटॉप मागून घेतला आणि तो भिंतीवर लावला. उत्तर एका अक्षराचं होतं. ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता ही भानगड काय ते सांगते, म्हणजे मी कशावर हसू ओढवून घेतलं ते कळेल.

आम्ही रिअ‍ॅक्ट शिकत होतो. वेबसाइटचं पान आधी अख्खंच्या अख्खं एका दमात लिहायचे. रिअ‍ॅक्टमध्ये पानाचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा एकदाच लिहायचा, त्याला नाव द्यायचं आणि मग हवा तिथे, हवा तितक्या वेळा वापरायचा. त्या तुकड्याला कॉम्पोनंट म्हणतात. सर इंग्रजीत भराभर सांगत गेले आणि मला पहिले दोन आठवडे ओ की ठो कळलं नाही. मग एका दुपारी एकदम कळलं. हा तर वाटो.

आमच्या वाडीत रापण आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, पंचवीस-तीस माणसं दोन बाजूंनी दोर ओढतात. मासळी वाळूवर आली की तिचे वाटे घालतात. सगळे वाटे एकाच रीतीने पडतात, आत काय पडतं ते मात्र वेगळं. एकात बारके पेडवे जास्त, एकात बांगडे, एखाद्यात एक चुकार सुरमई. रीत एकच, माल वेगळा. कॉम्पोनंट म्हणजे एवढंच असतं. म्हणून मी त्याचं नाव ठेवलं वाटो. सगळे वाटे जिथे मांडायचे ती टोपली. पानावरून एखादी वस्तू काढून टाकायचं बटण ते आडाळो, म्हणजे विळी. लिहिलं सगळं इंग्रजी अक्षरांत, जसं आम्ही फोनवर मालवणी लिहितो. आणि फोनवर आम्ही सगळं लहान अक्षरांतच लिहितो.

रिअ‍ॅक्टचा नियम असा, की तुमच्या तुकड्याच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं पाहिजे. लहान असेल तर तो तुकडा तुम्ही केलेला आहे असं ते धरतच नाही. ब्राउझरच्या ठरलेल्या नावांतलं ते एक आहे असं समजतं, तिथे ते सापडत नाही, आणि मग पानावर काही येत नाही. काम थांबत नाही, धोक्याचा दिवा लागत नाही. कोपऱ्यात इंग्रजीत एक लाल ओळ येते आणि ज्याला ती वाचता येत नाही त्याला वाटतं, आपल्यालाच काही येत नाही.

इंग्रजी अक्षरं मला येत होती. माणसाच्या नावाला मोठं अक्षर, गावाच्या नावाला मोठं अक्षर, हेही येत होतं. पण वाटो हे कुणाचं नाव आहे, त्याला मान द्यायचा असतो, हे मला कसं कळावं? आमच्या लिपीत क हा क असतो. कलेक्टरचा पण आणि कोळंबीचा पण. सरांना हे तोंडावर सांगायला हवं होतं. ते मला सुचलं एसटीत, चौके गावाच्या पुढे, खिडकीच्या गजाला डोकं टेकलेलं असताना.

घरी येऊन मी अक्षर मोठं केलं. पान भरलं. एकाखाली एक सहा वाटे, नावं, चित्रं, सगळं जागच्या जागी. मला रडू आलं. आनंदाचं होतं की कसलं ते कळलं नाही.

मी त्या क्लासला कशी पोचले तेही सांगायला हवं. बाबा रापणीवर होते. मोठ्या बोटी दिवे लावून समुद्र खरवडून न्यायला लागल्या तशी रापण रिकामी यायला लागली. दिवसभर ओढायचं आणि जाळ्यात शेवाळ नि प्लास्टिक. बाबा गोव्याच्या ट्रॉलरवर गेले. तीन-चार महिन्यांनी येतात, दोन दिवस झोपतात, परत जातात. घर आईच्या टोपलीवर. आईचा उजवा गुडघा गेला आहे. डॉक्टरांनी जमिनीवर बसू नका म्हणून सांगितलं आहे. मासेवालीला जमिनीवर बसू नका.

मी मालवणला बी.एस्सी. केलं. पुढे काय, तर मामाने शिरोड्याचं एक स्थळ आणलं. मुलगा बरा, घर बरं, बायकोने नोकरी करायची नाही, मासळीला बसलं तर चालेल. मी आईला म्हटलं, लग्न नको, तुझ्या जागेवर मी बसते. आई आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चिडली.

"माज्या जागेर तू बसलंस, तर माजा सगळा फुकट गेला," ती म्हणाली.

तेवढ्यात कुडाळच्या क्लासची जाहिरात कळली. सहा महिने वेबसाइट बनवायला शिकवणार आणि शेवटी अकरातल्या एकाला त्याच ऑफिसात कामाला ठेवणार. सरांची घरची आंब्याची बाग, पुण्यात मोठ्या कंपनीत काम करून परत आलेले. मी भेटायला गेले. माझी परिस्थिती ऐकून त्यांनी फी माफ केली. खोटं बोलणार नाही, त्यांनी फी माफ केली. पण ते उपकार त्यांनी एकदाही पदराआड ठेवले नाहीत. वर्गात कुणी उशिरा आलं की माझ्याकडे हात करून म्हणायचे, हिला बघा, फुकट शिकते पण वेळेवर येते.

मामाला आईने सांगून टाकलं, सहा महिने थांब. नोकरी लागली तर बरं, नाहीतर तू म्हणशील तसं. माझं सगळं त्या एका जागेवर टांगलेलं होतं.

सकाळी आईची टोपली बाजारापर्यंत मी पोचवायची. मग तिथूनच एसटी, आचऱ्याहून मालवण, मालवणहून कुडाळ. पाठीवर लॅपटॉपची बॅग, मावसभावाने मुंबईहून पाठवलेला जुना लॅपटॉप. क्लासच्या पहिल्याच दिवशी सरांनी दारात नाक मुरडलं. मला काही म्हणाले नाहीत. माझ्या बॅगेला म्हणाले. "बॅग बाहेर ठेव, चपलांपाशी. एसीत वास कोंडतो." मी लॅपटॉप काढून घेतला आणि बॅग चपलांत ठेवली. रोज ठेवत राहिले. कुणी लाथ लावून पुढे जायचं, कुणी तिच्यावरून.

घरी रेंज नाही. रिअ‍ॅक्ट सुरू करायचं म्हणजे आधी ढीगभर फायली उतरवून घ्याव्या लागतात. सरांनी वर्गात ते एका मिनिटात करून दाखवलं. मी गावामागच्या सड्यावर गेले, कातळावर, तिथे दोन काड्या येतात. आईचा फोन शेजारी ठेवला नि लॅपटॉप त्याला जोडला. अर्ध्यात तुटायचं. परत पहिल्यापासून. ऊन डोक्यावर आलं, पडद्यावर काही दिसेना, तर पदर धरून बसले, म्हणजे ओढणी. पाचव्या वेळी उतरलं. त्या दिवशी मी कातळावर एकटीच टाळ्या वाजवल्या.

भिंतीवरच्या त्या दुपारनंतर मी बदलले. ते हशाचं झालं ना, त्यानंतर. सगळी नावं इंग्रजी करून टाकली. वाटो गेला, त्या जागी कार्ड आलं. टोपलीची लिस्ट झाली. बोलताना तोंडातला हेल गिळायला लागले. माका-तुका आचऱ्याच्या तिठ्यावर सोडायचं आणि परत येताना उचलायचं. हे आम्ही सगळेच करतो, तहसीलदार कचेरीत गेलं की माणूस आपोआप पुस्तकासारखं बोलतो. पण मी घरीसुद्धा तसं बोलायला लागले. आणि एक दिवस मी आईला सांगितलं, उद्यापासून टोपली पोचवायला येणार नाही, माझी एसटी लवकरची आहे.

एसटी तीच होती.

आई चुलीपाशी बसलेली. तिने लाकडं आत सारली. मग विचारलं, "माजो वास येता काय गो तुका?"

मी नाही म्हटलं. तिने परत विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तो सुजलेला गुडघा घेऊन, टोपली डोक्यावर घेऊन एकटी जायला लागली. मी अंगाला साबण चोळत घरात उभी. काय झाले होते मी. सरांना मला काही करावं लागलंच नाही, पुढचं मीच केलं.

पण कामात मी मागे राहिले नाही. जिद्द म्हणा, भीती म्हणा. जास्त करून भीती. चौथ्या महिन्यात माझा कोड सायलीपेक्षा चांगला होता, आणि ते सायलीलाही माहीत होतं. पाचव्या महिन्यात ऑफिसला एक मोठं गिऱ्हाईक आलं. तारकर्लीकडे रिसॉर्ट असलेले एक साहेब. त्यांना वेबसाइट हवी होती. खोल्या, बोटीच्या फेऱ्या आणि एक पान ताज्या मासळीचं. पाहुण्याने सकाळीच फोनवर बघायचं, आज काय मिळालं आहे, आणि रात्रीच्या जेवणाला किती ताटं हवीत ते लिहून ठेवायचं. ते पान सरांनी मला दिलं. म्हणाले, तुझंच खातं आहे.

मी ते पान जीव ओतून केलं. मासळी एकाखाली एक, प्रत्येकीसमोर ताटांचा आकडा लिहायचा चौकोन. मासळी संपली की स्वयंपाकघरातून एक बटण दाबायचं, ती पानावरून जाते.

इथे रिअ‍ॅक्टमध्ये एक मेख आहे. अशा यादीत प्रत्येक तुकड्याला त्याची स्वतःची एक खूण द्यावी लागते. ती दिली नाही, किंवा पहिला-दुसरा-तिसरा असा रांगेतला नंबरच खूण म्हणून दिला, तर मधला एक तुकडा गेल्यावर घोळ होतो. वर्गात हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. माझ्या पटकन शिरलं. आमच्या वाडीत वाटे पडले की प्रत्येकाने आपल्या वाट्यावर आपली वस्तू ठेवायची. कुणी टोपी, कुणी बिडीचं बंडल, बाबांचा एक मोठा शिंपला होता, तो ठेवायला मी धावायची. रांगेतला तिसरा तो माझा, असं कुणी म्हणत नाही. कारण दुसऱ्याने आपला उचलला की तिसऱ्याचा दुसरा होतो आणि मारामारी होते. म्हणून मी प्रत्येक मासळीला तिच्याच नावाची खूण दिली. आणि फाइलच्या पहिल्या ओळीत, ज्याने काम केलं त्याचं नाव लिहितात तिथे, माझं नाव लिहिलं.

मीटिंगच्या दिवशी सकाळी मी फाइल उघडली. पहिल्या ओळीत सायलीचं नाव होतं.

मी सरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, सायलीने कोड जरा नीटनेटका केला आहे, तीच दाखवेल. साहेब मुंबईचे आहेत. "तुझा तो हेल त्यांच्यासमोर नको. तू चहाचं बघ."

सायली दारातच उभी होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, मला सरांनीच सांगितलं गं. डोक्यात एकच चाललं होतं, महिना राहिला आहे, एक महिना. गप्प बस. मी चहा केला. आलं किसलं, कप धुतले, ट्रे पुसला.

ट्रे घेऊन मी दारात पोचले तेव्हा भिंतीवर माझं पान होतं. साहेब, सर, सायली. सायली इंग्रजीत बोलत होती, छान बोलत होती. तिने बांगड्यासमोर चार ताटं लिहिली. मग म्हणाली, समजा बांगडा संपला, आणि बटण दाबलं. बांगडा गेला. चार मात्र तिथेच राहिले, खालून वर सरकलेल्या सुरमईसमोर.

साहेब म्हणाले, मी सुरमई मागितलीच नव्हती. सायलीने परत करून बघितलं. परत तेच. तिचा चेहरा उतरला. मला दारातूनच कळलं काय झालं आहे. नीटनेटकं करताना तिने माझ्या खुणा काढून रांगेतले नंबर घातले होते.

सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांना मी दिसले. "अगं, ये. उभ्याउभ्याच सांग पटकन काय झालंय ते."

उभ्याउभ्याच. हातात ट्रे धरून. ते काही चिडून बोलले नव्हते, सहज बोलले. आणि तो सहजपणाच मला सहन झाला नाही. मी ट्रे टेबलावर ठेवला, भिंतीकडेची रिकामी खुर्ची ओढली आणि लॅपटॉपसमोर लावली.

"बसान सांगतंय," मी म्हटलं. "ह्या काम माजा आसा."

सर हसल्यासारखं करून म्हणाले, "नीट मराठीत बोल."

"नीटच बोलतंय."

मी सांगितलं. मालवणीत, हेल काढून, जसं वाळूवर सांगितलं असतं तसं. नंबर म्हणजे ओळख नव्हे, पुढचा उठून गेला की नंबर दुसऱ्याचा होतो. एक ओळ बदलली. बांगड्यासमोर चार लिहिले, बांगडा काढला, त्याच्याबरोबर त्याचे चार गेले. सुरमईचा चौकोन रिकामा. मग मी वर गेले आणि पहिल्या ओळीतलं नाव खोडून माझं लिहिलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एकेक अक्षर, सावकाश.

साहेबांनी विचारलं, ही कोण? सर म्हणाले, ट्रेनी आहे, घरचे मासे विकतात म्हणून हे पान दिलं होतं. साहेबांनी बरं म्हटलं. आणि चहाचा कप उचलून म्हणाले, पुढचं दाखवा. एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी माझी बाजू घेतली नाही. सायली जमिनीकडे बघत होती.

साहेब गेल्यावर सरांनी मला समोर उभं केलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "फुकट शिकवलं, त्याचे चांगले पांग फेडलेस. उद्यापासून यायचं नाही." सर्टिफिकेटचं विचारलं तर हसले.

चपलांतून बॅग उचलली आणि निघाले. एसटीत मला अभिमान वगैरे काही वाटत नव्हता. एकच जागा होती, ती मी माझ्या हाताने घालवली होती. आईला काय सांगायचं? तिचा गुडघा, मामाला दिलेला शब्द, बाबांचा ट्रॉलर. घरापर्यंत मी स्वतःला शिव्या घातल्या.

आई अंगणात टोपली धूत होती. मी सगळं सांगितलं, खुर्चीपर्यंतचं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर जवळ घेईल. तिने हात पुसले.

"काम तुजाच होता मां?"

"होय."

"तेंका म्हायत होता?"

"होय."

"मगे चाय घेवन गेलंसच कित्याक?"

ती आत गेली. सरांच्या कुठल्याही शब्दाने झोंबलं नाही तेवढं मला तिचं विचारणं झोंबलं, कारण ते खरं होतं. खुर्ची मी नंतर ओढली. आधी कप मीच धुतले होते.

दुसऱ्या दिवशी मी टोपली उचलली आणि तिच्याबरोबर बाजारात गेले. तिने टोपली माझ्या डोक्यावर फक्त नीट बसवली.

आठ दिवसांनी, बाजारात बसले असताना, सरांचा मेसेज आला. साहेबांना पावसाळ्यासाठी पान बदलून हवं होतं. मासेमारीबंदीच्या महिन्यांत समुद्राची मासळी दाखवायची नाही, खाडीची कुठली, सुकी कुठली, हे सगळं. सायलीला ते जमत नव्हतं. झालं गेलं विसरू, असं लिहिलं होतं. घरूनच कर, ऑफिसला यायची गरज नाही. सर्टिफिकेट देतो. नोकरीचं बघू.

घरी पोचले तर मामा आलेला होता. तो म्हणाला, चेडवा, देवाने परत दार उघडलंय, हो म्हण. रविवारी शिरोड्याची माणसं येणार होती. आई भिंतीला टेकून, पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत होती. मी सड्यावर गेले. 'हो सर' लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं. ती नोकरी मला हवी होती. आजही हवी आहे, खोटं कशाला बोलू? त्या कातळावर मी अर्धा तास रडले आहे तिच्यासाठी.

मग मी लिहिलं: काम करीन. पानावर माझं नाव राहील. मीटिंगमध्ये मी बसेन आणि माझ्या कामाबद्दल मीच बोलेन, माझ्या भाषेत.

त्यांनी लगेच वाचलं. उत्तर आलं, "एवढा माज बरा नव्हे."

माज. आमच्यातल्या बाईने मान वर केली की तिला हाच शब्द मिळतो. मी त्याला उत्तर दिलं नाही. खाली उतरून मामाला सांगितलं, रविवारी कुणाला आणू नको. तो जेवला नाही, तसाच निघून गेला. आई म्हणाली, आता बघ काय करतंस ते, आणि परत तेलाची वाटी जवळ ओढली.

तर आज हे असं आहे. नोकरी नाही, कागद नाही, स्थळ नाही. सकाळी बाजारात आईच्या शेजारी, दुपारी सड्यावर. रोज कुठे ना कुठे अर्ज पाठवते. कुणी विचारतं सर्टिफिकेट कुठे आहे, कुणी विचारतच नाही. पुढच्या वर्षी मी कुठे असेन ते मला माहीत नाही. एवढं एक माहीत आहे, आणि ते मी कुणाला विचारून ठरवलेलं नाही. यापुढे माझं काम ज्या खोलीत जाईल, त्या खोलीत मी बसलेली असेन. मी नसेन, तर कामही तिथे नसेल.